पाहुण्यांच्या बाजूचं शटर

आणि पहिली गोष्ट म्हणजे, शटर कोणी फोडलेले नाही. बारचे मुकादम गॅविन प्रोथेरो यांनी शनिवारी तोच शब्द वापरला. रविवारी स्टेडियमच्या ऑफिसातून फोन आला, त्यातही तोच. आज सकाळी इथे बाहेर बसलेल्या शिपायानेही मला विचारले, "शटर फोडलं त्या केसमध्ये आलास का?" शटर उचलले गेले. पट्ट्या वाकल्या त्या उचलताना वाकल्या. हे आधी लिहून घ्या, मग नाव-गाव विचारा, असे मी जबाब घेणाऱ्या पोलीस मॅडमना म्हणालो. त्यांनी घेतले. आता नाव-गाव.

नाव रीस क्लिफर्ड मेनप्राइज, वय तेवीस. धंदा, आठवडाभर पोर्टमियर बंदरामागच्या गोदामात माल चढवणे-उतरवणे आणि सामन्याच्या दिवशी स्टेडियमच्या बारवर रोजंदारी. शिक्षण, सोळाव्या वर्षी शाळा सोडली, परीक्षेला बसलो नाही. राहणार कोपर स्ट्रीट, लॉन्ड्रीच्या वरची खोली, पोर्टमियर. मूळचा हॉलबीचा, म्हणजे पार उत्तरेकडच्या मासेमारीच्या बंदरावरचा. इथे मला कोणी बोलावले नव्हते, स्वतःहून आलो. मॅडम विचारतील ते आणि त्यांनी विचारले नाही तेही समक्ष सांगतो, ते असे.

शनिवारी ज्यांना अटक झाली ते क्लिफर्ड मेनप्राइज माझे वडील. आडनाव बघून मॅडमनी आज विचारले. शनिवारी कोणी विचारले नाही, कारण माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर फक्त 'रीस' असते. त्यांच्यावर शटर फोडून बारमध्ये घुसणे, बिअर लुटणे आणि गॅविनना मारहाण असे लावले आहे. हे सिद्ध झाले तर देशातल्या कुठल्याही फुटबॉलच्या मैदानात त्यांना काही वर्षे पाऊल टाकता येणार नाही. आई गेल्यापासून त्यांच्याकडे आमच्या गावचा संघ, हॉलबी रोव्हर्स, सोडून दुसरे काही नाही. शनिवारी सामना आणि बाकीचे दिवस शनिवारची वाट. म्हणून आलो.

त्यांच्याशी माझे तीन वर्षे बोलणे नाही. कारण विचारले. आमच्याकडे हॅडॉक मासा धुरावर धरतात, त्याच्या भट्टीत वडील काम करतात आणि मला त्यांच्याशेजारी उभे राहायचे नव्हते. याचा या केसशी संबंध नाही.

एरवी मी स्टेडियमच्या घरच्या बाजूच्या बारवर असतो. या वर्षी रोव्हर्स वरच्या विभागात आले. जूनमध्ये सामन्यांच्या तारखा लागल्या, त्यात पोर्टमियरला रोव्हर्स असे वाचले. मी गॅविनना सांगितले, त्या दिवशी मला पाहुण्यांच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या संघाच्या लोकांच्या, बाजूला लावा.

"पाहुण्यांची बाजू कोणी मागून घेत नाही," गॅविन म्हणाले. "तुला काय झालंय?"

"तिकडे वरकड सुटते," मी म्हणालो. हे खोटे होते. पाहुणे कोणाला काही देत नाहीत, हॉलबीचे तर नाहीच.

तिकीट काढून त्यांच्यात जाऊन का बसला नाहीत, असे मॅडमनी विचारले. तिकीट काढून बसलो असतो तर मी परत आलो असे झाले असते. आणि शेजारच्याने नुसते मैदानाकडे बघितले असते. काउंटरमागे उभा असलो की माणसाला माझ्याशी बोलावेच लागते. दोन दे, चार दे, तेवढे तरी. हे लिहू का, असे मॅडमनी विचारले. लिहा म्हणालो.

गर्दी का झाली ते सांगतो. बिअर घेऊन खुर्चीवर बसता येत नाही. मैदान दिसते तिथे ग्लास न्यायचा नाही, खुर्च्यांच्या खाली, स्टँडच्या पोटात, बारसमोरच उभ्याने संपवायचा. सामन्याला येणाऱ्या बसमध्येही दारू चालत नाही. हॉलबीच्या बसेस हायवेवर अडवून झडती घेतली, सापडले काहीच नाही, पण वेळ गेला. लोक आत आले तेव्हा सामना सुरू होऊन बराच वेळ झालेला. आल्या आल्या सगळे धावत वर गेले. म्हणजे बारवर यायला त्यांना एकच वेळ उरली, मध्यंतर. माणसे आठशे आणि बार एक.

म्हणून आम्ही आधीच भरून ठेवतो. हे सगळ्याच मैदानांवर चालते. पहिला हाफ संपायला दहा मिनिटे राहिली की नळ सोडायचे, ग्लास भरायचे आणि मागच्या फळीवर ट्रेमध्ये ओळीने मांडायचे. लोक आले की नुसते उचलून द्यायचे. फक्त भरलेला ग्लास परत पिंपात जात नाही. खपला नाही तर तो मोरीत जातो आणि त्याचा जाब बारच्या मुकादमाला द्यावा लागतो. मुकादम म्हणजे गॅविन.

बारवर आम्ही तिघे होतो. गॅविन, मी आणि इलिंका. इलिंका रुमानियाची आहे, नर्सिंग शिकते. मी मैदान कधी बघितलेले नाही, बारवरून दिसत नाही. डोक्यावरच्या फळ्यांवर पाय आपटतात त्यावरून गोल कळतो. त्या दिवशी पहिल्या हाफमध्ये एकदा आपटले आणि माझ्या हातातला ग्लास सांडला.

"त्यांच्यात तुझा कोण खेळतोय रे?" गॅविननी विचारले.

"कोणी नाही."

"मग पूस ते."

त्यानंतर थोड्या वेळाने वर आरडाओरड झाली. घरच्या आणि पाहुण्यांच्या लोकांनी एकमेकांवर नाणी फेकली, कोणीतरी धुराचा फटाका लावला, असे नंतर कळले. तेव्हाच गॅविनच्या वॉकीटॉकीवर कंट्रोल रूममधून निरोप आला. शब्द असे होते: "पाहुण्यांकडचा बार मध्यंतरात उघडायचा नाही. पोलिसांनी सांगितलंय." मी दोन हातांवर होतो. मी ऐकले. गॅविननी वॉकीटॉकीचा आवाज बारीक केला.

इलिंकाने विचारले, "मग भरायचं थांबू का?"

"भरत राहा," गॅविन म्हणाले. "पाच मिनिटांत त्यांचंच मत फिरतं. एवढी बिअर ओतून दिली तर वर जाब कोण देणार, पोलीस?"

निरोप मध्यंतराच्या आधी आला का नंतर, हे मला तीनदा विचारले गेले. आधी आला. त्यानंतर आम्ही आणखी चार-पाच ट्रे भरले.

मध्यंतर झाले आणि गॅविननी शटर वर घेतले. लोक जिन्यांवरून लोटले. भांडण नव्हते. तहान होती आणि रोव्हर्स एका गोलने पुढे होते.

"आरं, हात चालव की! सकाळधरनं बसमध्ये नुसत्या च्यावर हाय!"

"च्या कुठला, पोलिसांच्या शिव्यांवर!"

"ए बारक्या, ह्यो ग्लास हाय का औषधाचं टोपण?"

मी म्हणालो, "टोपणच हाय. दिवसातनं तीनदा, जेवणाआधी."

पुढचा माणूस थांबला. "तू आमच्याकडचा का रं?"

"फिश डॉकच्या मागचा."

"मग हितं काय करतोस, या गुळमुळीत बोलणाऱ्यांत?"

"बिअर विकतोय."

"इक, इक. पण आपल्या माणसांकडनं पैसं घेतोस व्हय? लाज न्हाय?" आणि त्याने मागे वळून ओरडून सांगितले, "आरं, ह्यो आपला हाय!"

हे साधारण चार-पाच मिनिटे चालले. त्या मिनिटांबद्दल मॅडमना काही विचारायचे नव्हते. मी सांगतो, ती चांगली गेली.

तेवढ्यात काउंटरच्या डाव्या टोकाला डग्लस स्टॉर्क आले. वय सत्तरीच्या पुढे, आमच्याच गल्लीतले, खुब्याचे ऑपरेशन झालेले. काउंटरवर कोपर टेकून ते माझ्याकडे बघत राहिले.

"क्लिफचा ना रं तू?"

"होय डगकाका."

"आयला. तुजा बाप वरच बसलाय. गुडघा धरलाय म्हनून उतरला न्हाय. त्याचीबी मीच न्हेतो म्हटलं."

"वर नेता येत नाही काका. इथंच संपवायला लागते."

"म्हंजे त्यालाच उतरवायला पायजे." त्यांनी खिशातून फोन काढला. "क्लिफ? खाली ये. का ते इचारू नगंस. जिना धरून ये." मग फोन ठेवून मला म्हणाले, "येतोय. ह्यो कोपरा मी सोडत न्हाय आता."

आणि त्यांनी सोडला नाही. बिअर घेतली की माणसाने काउंटरपासून बाजूला व्हायचे असा नियम आहे आणि बाजूला करायचे काम आमचे आहे. मी त्यांना काही बोललो नाही.

मागच्या दाराने सुरक्षेचे मुख्य आत आले. ते तिथूनच ओरडले, "प्रोथेरो, उघडायला सांगितलं कोणी? बंद कर. आत्ता!" आणि तसेच निघून गेले.

बार बंद करायची पद्धत आहे. आधी ओरडून सांगायचे, मग पुढची माणसे मागे घ्यायची, दोरी लावायची आणि मग साखळी सोडायची. यातले काहीही झाले नाही. गॅविन ओरडले, "शटर! रीस, शटर!" मी साखळी ओढली. शटर खाली येऊ लागले तसे पुढच्यांनी हात मागे घेतले. डगकाकांना वेळेवर सरकता आले नाही. त्यांचा हात आणि खांदा काउंटरवर होता. मी शटर त्यांच्या खांद्याच्या वर, अर्ध्यावर थांबवले आणि साखळी खुंटीला अडकवली. पूर्ण पाडले नाही.

त्याच वेळी गॅविननी भरलेले ट्रे मोरीत उलटे करायला सुरुवात केली. मी म्हणालो, "आत्ता नको, ते बघतायत." ते म्हणाले, "मग बघू दे."

शटर अर्ध्यावर असले की बाहेरून काय दिसते, ते मला विचारले. बाहेरून आमची तोंडे दिसत नाहीत, फक्त हात दिसतात. आणि हात बिअर ओतून देत होते. एकामागून एक, पंचवीस-पंचवीस ग्लास. सकाळपासून कोरडी आलेली माणसे ते बघत होती.

आवाज झाला. तो वर गोल झाल्यावर होतो तसा, फक्त उलटा. मागचे पुढे रेटू लागले. मागच्यांना डगकाका दिसत नव्हते. त्यांना मोरी दिसत होती. डगकाकांची छाती काउंटरच्या कडेवर आणि पाठीवर सगळा जमाव. ते ओरडले नाहीत. त्यांचा रंग गेला आणि हातातला ग्लास तसाच सरळ धरलेला होता, सांडला नव्हता. मी "मागं सरा, मागं सरा, म्हातारा मरंल" असे आमच्या बोलीत ओरडलो. कोणी ऐकले नाही. साखळी ओढून शटर वर घ्यायला गेलो तर पट्ट्या रेट्याने चौकटीत अडकल्या होत्या. इलिंकाही माझ्याबरोबर ओढत होती. हलले नाही.

तेव्हा भिंतीला घासत डाव्या बाजूने एक माणूस आला. तो उकिडवा बसला, शटरखाली पाठ घातली आणि उठला. तोंड दिसायच्या आधी मी त्याला ओळखले. भट्टीत माशांच्या भरल्या सळ्या वरच्या खणात चढवताना माझे वडील तसेच बसून उठतात, हाताने उचलत नाहीत. पट्ट्या कडकड वाकल्या आणि शटर वर गेले. स्टेडियमच्या कॅमेऱ्यात मागून जे दिसते, माणूस शटर मोडतो आणि काउंटरवरून आत उडी मारतो, ते हे.

आत आल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितले. तीन वर्षांनी. शटर परत खाली घसरत होते.

"शटर धर," ते म्हणाले. "तेवढं तरी धर."

मी खांदा लावला आणि धरले. वडिलांनी डगकाकांना काखेत हात घालून काउंटरवरून आत ओढले, पाय इलिंकाने धरले. त्या वेळी गॅविननी मागून येऊन वडिलांची कॉलर धरली. वडिलांनी मागे न बघता कोपर झटकले. गॅविन पडले. फरशी ओली होती, मोरी तुंबून बिअर बाहेर आली होती, आणि ती ज्यांनी ओतली तेच तिच्यावर घसरले. मारहाण झाली नाही. वडिलांना मारायचे असते तर ते वळले असते. शटरखालून काहींनी हात घालून उरलेले ग्लास उचलले, हे खरे आहे. वडिलांनी एकही उचलला नाही. त्यांचे दोन्ही हात डगकाकांच्या अंगाखाली होते.

इलिंकाने काकांची बटणे काढली, त्यांना कुशीवर केले आणि त्यांच्याशी बोलत राहिली. ते श्वास घेत होते.

मग सुरक्षेची माणसे आली आणि दोघांनी वडिलांना फरशीवर पालथे पाडले. वडिलांनी विरोध केला नाही. एकाने मला विचारले, "हा कोण? ओळखतोस?"

माझ्याआधी वडील खालून बोलले. "त्यो मला कुठनं वळखणार? बिअर इकणारं पोरगं हाय ते."

मी गप्प बसलो. का गप्प बसलात, असे मॅडमनी विचारले. शटर खांद्यावर होते असे मी सांगितले. ते खरे आहे, पण ते उत्तर नाही.

मॅडम म्हणाल्या की वडिलांनी कोठडीतही एवढेच सांगितले, 'आत माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं', आणि दुसरे काही बोलायला नकार दिला. शटर का उचलले तेही सांगितले नाही. ते सांगायला गेले तर शटर कोणी ओढले तेही सांगावे लागते. माझी रोजंदारी जाऊ नये म्हणून ते तसे म्हणाले, की त्यांच्या लेखी मी खरेच बिअर विकणारा पोरगा आहे म्हणून, हे मला माहीत नाही. शनिवारपासून मी दोन्ही बाजूंनी धरून बघितले. मॅडमचे मत मी विचारले. त्या म्हणाल्या, जबाबात त्यांचे मत घेत नाहीत.

दुसरा हाफ सुरू झाला तसे लोक वर गेले. स्टँडच्या पोटात फक्त ग्लास राहिले. इलिंका काकांबरोबर अॅम्ब्युलन्समध्ये गेली. मी पाणी मारून फरशी धुतली. वर दोनदा पाय आपटले, पण ते लांबून, घरच्या बाजूचे. गॅविन कंबर धरून आले.

"वॉकीटॉकीवर निरोप आला तो शटर बंद केल्यावर, बरोबर?"

"आधी आला."

"नीट आठव. पुढच्या शनिवारी काम हवंय ना तुला?"

मी नीट आठवले. आधी आला. इलिंकाने काय ऐकले ते तिला विचारावे, तिच्या वतीने मी बोलत नाही.

रविवारी मी डगकाकांना बघायला हॉस्पिटलात गेलो. दारावरच्या नर्सने विचारले, "नातेवाईक?" मी म्हणालो, "गावचा." तिने सोडले. त्यांच्या चार बरगड्या मोडल्या आहेत. त्यांना शटरनंतरचे आठवत नाही.

"उतरला व्हता का रं क्लिफ?" त्यांनी विचारले.

"उतरले होते."

"बोलला?"

"बोलले."

"काय?"

"शटर धर म्हणाले."

ते हसायला लागले, मग बरगड्यांना हात लावून थांबले. "म्हंजे बोलला की रं," म्हणाले.

हा जबाब दिल्यावर मला स्टेडियमवर काम मिळणार नाही हे मला समजते. कोर्टात उभे राहून हेच सांगायची माझी तयारी आहे. वडील समोर असले तरी. तिथे मला 'हा कोण' असे कोणी विचारले तर या वेळी मी आधी बोलेन.

वरचे सगळे मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवले. मला वाचता येते, पण त्यांनी वाचलेले बरे वाटले. ऐकताना ते दुसऱ्याच कोणाचे वाटले, तरी मी सांगितले तसेच आहे, काही वाढवलेले नाही, आणि खाली सही माझी आहे.

सही केल्यावर मॅडमनी विचारले, वडिलांसाठी काही निरोप आहे का, पुढच्या तारखेला ते येतील. निरोप नाही. पण त्यांच्याकडूनच मला कळले की वडिलांना रविवारी सकाळी सोडले. हॉलबीच्या बसेस शनिवारीच पोलिसांनी शहराबाहेर काढून दिल्या होत्या. म्हणजे ते रेल्वेने गेले असणार आणि गाडीची वेळ होईपर्यंत स्टेशनवर बसले असणार. कोपर स्ट्रीट स्टेशनपासून दोन गल्ल्यांवर आहे. त्या वेळी मी घरीच होतो. ते तिकीट त्यांच्या खिशातून जायला नको. मी आज इथून निघाल्यावर ते पैसे पाठवतो आहे, हेही खाली घ्या असे मी म्हणालो. केसशी संबंध नाही, असे म्हणूनही मॅडमनी घेतले. किती, असे त्यांनी विचारले. इथून हॉलबी, एका बाजूचे. ते भाडे मला पाठ आहे. चौऱ्याण्णव पौंड साठ पेन्स.